डायलिसिसच्या खुर्चीवर बसण्याआधी आणि बसल्यानंतर: हिपॅटायटिस बी आणि सी टाळायचा कसा

हिपॅटायटिस पॉझिटिव्हचा रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईक आमच्या टेबलाशी येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मशीनमुळे झालं का हो?" मी डायलिसिस टेक्निशियन आहे, चौदा वर्षं हेच काम करतोय, आणि माझं उत्तर बहुतेकांना पटत नाही. मशीनच्या आतून विषाणू येणं फार अवघड आहे. डायलायझरला आपल्याकडे सगळे 'किडनी' किंवा 'फिल्टर' म्हणतात. त्याच्या आतल्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की हिपॅटायटिस बीचा जेमतेम ४२ नॅनोमीटरचा विषाणूसुद्धा, पडदा फाटलेला नसेल तर, पलीकडच्या पाण्यात जात नाही. तो जातो हातावरून, हेपॅरिनच्या (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाच्या) बाटलीतून, खुर्चीच्या दांड्यावर वाळलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातून. हिपॅटायटिस बीचा विषाणू असा कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरतो.

एडिंबरोच्या डायलिसिस विभागात १९६९-७० साली हिपॅटायटिस बीची साथ आली होती. रुग्ण तर गेलेच, पण त्यांच्यावर उपचार करणारे कर्मचारीही गेले. तिथून वेगळी खोली, वेगळी मशीन, नियमित तपासणी हे सगळं सुरू झालं. पुढे लसही आली. तरीही आज कुठल्या युनिटमध्ये नवा रुग्ण पॉझिटिव्ह निघाला, तर मी आधी मशीनकडे नाही, औषधाच्या ट्रॉलीकडे बघतो.

हे सगळं पेशंट आणि घरच्यांसाठी लिहितोय. क्रम वेळेचा आहे : डायलिसिस सुरू होण्याआधीपासून ते पॉझिटिव्ह आल्यानंतरपर्यंत.

सुरू होण्याआधी : रिपोर्ट कोणते हवेत

आपल्याकडे निम्मे पेशंट धाप लागलेल्या अवस्थेत रात्री कॅज्युअल्टीत येतात, मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, टाकतात आणि डायलिसिस सुरू होतं. त्या रात्री होते ती कार्ड टेस्ट. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं, त्या घटकेला ती योग्यच आहे. पण तिच्यावर पुढची वर्षं काढायची नाहीत. डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते आणि कार्ड टेस्टमधून काही जण निसटतात. पेशंट स्थिर झाला की एलायझा किंवा तत्सम लॅबमधली तपासणी मागून घ्या.

बीसाठी एक नाही, तीन तपासण्या लागतात. एचबीएसएजी म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे का. जुने डॉक्टर अजून तिला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात, घाबरू नका, तीच ती. दुसरी अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण आहे का. तिसरी अँटी-एचबीसी टोटल, म्हणजे पूर्वी कधी होऊन गेलाय का. ही तिसरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि ही एकटीच पॉझिटिव्ह असेल, तर विषाणू लपून बसला असण्याची शक्यता राहते आणि डॉक्टर रक्तात विषाणूचा डीएनए तपासायला सांगतात.

सीसाठी अँटी-एचसीव्ही. हिची अडचण म्हणजे संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. एचसीव्ही आरएनए ही तपासणी थेट विषाणूच शोधते, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत सांगते. ती महाग आहे हे मलाही माहीत आहे. तरीही सुरुवातीला एकदा आणि युनिट बदलताना एकदा ती करावी, असं माझं मत आहे. रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी काढायचं, कारण डायलिसिसनंतर रक्तातल्या विषाणूचं प्रमाण तात्पुरतं कमी दिसू शकतं आणि हेपॅरिन तपासणीत ढवळाढवळ करतं. बरोबर एचआयव्हीही होतेच.

लस : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

सीला लस नाही. बीला आहे, आणि ती डायलिसिस सुरू व्हायच्या आधी घेतली तर जास्त चांगली लागते. क्रिएटिनिन वाढतंय, डॉक्टर फिस्टुलाचं (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली शीर ऑपरेशनने तयार करण्याचं) बोलतायत, तेव्हाच लसीचा विषय काढा. बहुतेक घरांत तो निघतो कॅथेटर पडल्यावर.

निरोगी मोठ्या माणसाला २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस पुरतात. डायलिसिसच्या पेशंटला प्रत्येक वेळी ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे दुप्पट, आणि नेहमीचं वेळापत्रक चार डोसचं : आज, एक महिन्याने, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. मेडिकलमधून एक मिलिची एकच व्हायल आणली आणि सिस्टरने ती टोचली, तर तो अर्धाच डोस झाला. मी असे कित्येक पेशंट पाहिलेत ज्यांच्या कार्डावर चारही तारखा भरलेल्या आहेत आणि प्रत्यक्षात मिळालाय निम्मा डोस. कार्डावर तारखेशेजारी मात्राही लिहून घ्या.

लस दंडाच्या वरच्या स्नायूत द्यायची, कंबरेत नाही. कंबरेतली नीट लागत नाही. फिस्टुलाचा हात सोडून दुसऱ्या हातात. दोन सुया एकाच दंडात द्यायच्या असतील तर मध्ये इंचभर अंतर. आणि दुकानातून आणताना बर्फाच्या पिशवीत आणा, पण बर्फाला थेट चिकटवू नका. ही लस गोठली की वाया जाते, वरून बघून कळतही नाही.

शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस करायची. आकडा १० च्या वर हवा. निरोगी माणसांत शंभरात नव्वदहून जास्त जणांना लस लागते, डायलिसिसवर हे प्रमाण बरंच खाली येतं, त्यामुळे "चार डोस घेतले, झालं" असं म्हणून चालत नाही. १० च्या खाली असेल तर सगळा कोर्स पुन्हा. तरीही नाही चढला तर तुम्ही असुरक्षित, असं धरून एचबीएसएजीची तपासणी नियमित चालू ठेवायची. चढला असेल तर वर्षातून एकदा मोजायचं आणि १० च्या खाली घसरला की बूस्टर.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. मागे एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन आला, चेहरा पांढरा पडलेला. एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह. घरी आईचं ताट-वाटी वेगळी झाली होती, नातवाला तिच्या खोलीत जायला बंदी. मी लसीचं कार्ड मागितलं. तिसरा डोस रक्त काढण्याच्या नऊ दिवस आधीचा. लसीत असतो तो हाच अँटिजेन, विषाणू नाही, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये तो दोन-अडीच आठवडे रक्तात दिसू शकतो. पाच आठवड्यांनी पुन्हा तपासलं, निगेटिव्ह. म्हणून लसीनंतर चार आठवडे एचबीएसएजी करूच नये. लॅबवाला हे विचारणार नाही, तुम्हीच सांगायचं.

आणि हो, घरात राहणाऱ्या सगळ्यांनी लस घ्या. त्यांना साधा डोस पुरतो.

खुर्चीवर : काय बघायचं

डायलिसिस चार तासांचं, पण धोक्याची वेळ शिफ्ट बदलतानाची वीस मिनिटं. एक पेशंट उतरतोय, दुसरा वजन करून उभा आहे, तिसऱ्याच्या मशीनचा अलार्म वाजतोय, आणि माणसं आम्ही तीन.

अशाच एका संध्याकाळी मी एका खुर्चीवर सुया काढून गॉज दाबून धरला होता. शेजारची मशीन वाजायला लागली. मी हात लांब करून त्याच हातमोज्याने म्यूटचं बटण दाबलं. त्या खुर्चीवर एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले एक आजोबा होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या बटणाला आता कुणाचं रक्त लावलंत?" हातमोज्यावर काही दिसत नव्हतं. दिसतच नाही, तोच तर घोळ आहे. मी बटण पुसलं, हातमोजे बदलले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला राग आला होता. आता नवीन मुलांना शिकवताना मी हीच गोष्ट आधी सांगतो.

तर हातमोजे. दुसऱ्या पेशंटकडून तुमच्याकडे येताना ते बदलले पाहिजेत, आणि मध्ये हात धुतले किंवा सॅनिटायझर चोळलं पाहिजे. हातमोजा घालून सॅनिटायझर लावणं म्हणजे हात धुणं नव्हे.

मग हेपॅरिन. ही बाटली अनेक डोसांची असते आणि जगभरातल्या युनिटमधल्या साथींच्या चौकशीत अशा वाटून वापरलेल्या बाटल्या पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. कुणाच्या तरी लाइनला लागलेली सिरिंज पुन्हा बाटलीत गेली की तिथून पुढे प्रत्येक खुर्चीवर तीच बाटली पोचते. औषधं स्वच्छ जागी, पेशंटपासून लांब भरली जायला हवीत, आणि तुमच्यापर्यंत यायला हवी फक्त तुमची भरलेली सिरिंज. औषधाची ट्रॉली खुर्च्यांमधून ढकलत नेत असतील आणि तिच्यावरच बाटल्या फोडून भरत असतील, तर ती पद्धत चूक आहे. आयर्न आणि इपोच्या (हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनच्या) बाबतीतही हेच. शक्य असेल तिथे एकाच पेशंटसाठीची छोटी व्हायल घ्यावी.

शुगर तपासणं हा आणखी एक चोरदरवाजा. आपल्याकडे डायलिसिसवरच्या कितीतरी पेशंटना मधुमेह असतो. लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची सुई, प्रत्येकाचं नवं हवंच, पण टोचायचं पेनही वाटून वापरायचं नाही. स्वतःचं ग्लुकोमीटर आणा. चिकटपट्टीचा रोलसुद्धा बघा : एकाच रोलच्या पट्ट्या फाडून मशीनच्या कडेला दहा चिकटवून ठेवलेल्या असतात, वरून सगळ्यांचे हात फिरतात.

ट्यूबिंगमधून मशीनला जोडलेली एक बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला नाण्याएवढा गोल पांढरा फिल्टर. त्याला ट्रान्सड्यूसर प्रोटेक्टर म्हणतात. रक्त नळीत चढून हा फिल्टर लाल झाला तर तो लगेच बदलायचा, आणि डायलिसिस संपल्यावर मशीनच्या आतल्या बाजूला रक्त गेलंय का ते टेक्निशियनने उघडून बघायचं. मशीनच्या आत रक्त शिरायची ही एक खरी वाट आहे. तुमच्या खुर्चीवरून तो फिल्टर स्पष्ट दिसतो. लाल दिसला तर हाक मारा.

खुर्ची, दांडे, बीपीचा पट्टा, मशीनचा पुढचा भाग : आधीचा पेशंट उतरल्यावर हे सगळं हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचच्या पाण्याने, पुसून मग तुम्हाला बसवायला हवं. आधीचा माणूस खुर्चीवर असतानाच पुसायला सुरुवात झाली असेल तर ते पुसणं नव्हे.

डायलायझर पुन्हा वापरतात ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे, मी तिच्यावर उगाच नाक मुरडणार नाही. पण दर वेळी त्याच्यावरचं नाव, तारीख आणि कितवा वापर हे स्वतः वाचा. एकाच आडनावाचे दोन पेशंट एकाच शिफ्टला असतील तर दोनदा वाचा. हिपॅटायटिस बी असलेल्याचा डायलायझर पुन्हा वापरायचाच नसतो.

विचारायचं कधी? सुई टोचायच्या आधी, हसून, "सिस्टर, हातमोजे नवे घेता ना?" एवढं पुरतं. सुई आत असताना, दोन पेशंटमध्ये धावणाऱ्या माणसावर ओरडून काही साधत नाही. आणि कटकटे म्हणतील याची भीती सोडा. आम्ही म्हणतो, आणि काळजीही घेतो.

तपासण्या आणि वही

एचबीएसएजी निगेटिव्ह असलेल्या, पण संरक्षण नसलेल्या पेशंटची तपासणी अमेरिकेत दर महिन्याला करतात. आपल्याकडे बऱ्याच युनिटमध्ये तीन महिन्यांनी होते. अँटी-एचसीव्ही किंवा आरएनए सहा महिन्यांनी तरी व्हायलाच हवी. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) महिन्याला बघावं, पण एक लक्षात ठेवा : डायलिसिसवर एसजीपीटी मुळातच कमी असतं, त्यामुळे ते 'नॉर्मल'च्या आत राहूनही हिपॅटायटिस असू शकतो. ३० च्या आतलं एसजीपीटी १५ वरून २८ वर गेलं असेल, तरी मी डॉक्टरांना दाखवीन.

डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. डायलिसिसच्या पेशंटमध्ये बी आणि सी बहुतेक वेळा कावीळ न होताच येतात आणि मुक्काम करतात.

एक साधी वही ठेवा : तारीख, मशीन नंबर, खुर्ची, रक्त चढवलं का. दान केलेल्या रक्ताची सीसाठी तपासणी आपल्याकडे २००१ पासून बंधनकारक आहे, तरी अगदी ताजा संसर्ग तपासणीतून सुटू शकतो; हिमोग्लोबिन इपो आणि आयर्नने सांभाळता येत असेल तर रक्त टाळलेलं बरं. युनिटमध्ये कुणी नवा पॉझिटिव्ह निघाला तर बाकीच्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी. नाव विचारू नका, ते सांगणारही नाहीत. "आमच्या शिफ्टमध्ये कुणी नवीन पॉझिटिव्ह आहे का, आमची तपासणी कधी?" एवढं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तेव्हा ही वही कामी येते.

पॉझिटिव्ह आला तर

आधी पुन्हा तपासणी. बी असेल तर वरची लसीची तारीख बघा. सी असेल तर आरएनए करा, कारण नुसती अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता आजार आहेच असं नाही.

बी पक्का झाला तर वेगळी खोली, वेगळी मशीन, वेगळं सामान आणि शक्यतो वेगळा कर्मचारी. यात अपमान नाही, बीच्या बाबतीत हे खरंच लागतं. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर अशा गोळ्या मिळतात, पण डायलिसिसवर त्यांचा डोस वेगळा असतो आणि डायलिसिसच्या दिवशी त्या डायलिसिस झाल्यावर घ्यायच्या. शेजाऱ्याच्या डोसवर जाऊ नका. बरं वाटतंय म्हणून मनानेच बंदही करू नका; गोळ्या अचानक सोडल्या की आजार उसळून लिव्हर एकदम बिघडू शकतं.

सीचं वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय किडनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीसाठी वेगळी मशीन लागत नाही, काटेकोर स्वच्छता लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वेगळी मशीन देतात. देऊ द्या. पण 'निगेटिव्ह मशीन'वर बसलो म्हणून सुरक्षित, हा समज मात्र घातक, कारण काल रात्री संसर्ग झालेला माणूस रिपोर्टवर अजून निगेटिव्हच असतो.

आणि सी बरा होतो. इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ताप, केस गळणं, ते दिवस गेले. सोफोस्बुव्हिर आणि वेल्पाटास्विरची एक गोळी रोज, साधारण बारा आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. डायलिसिसवरही ती चालते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा.

गोळी सुरू करण्याआधी चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ही गोळी चालत नाही. फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, हृदयाच्या ठोक्यांची अॅमिओडॅरोन, यांच्याशीही भांडण आहे. आणि जी गोळी कुणी औषधात मोजतच नाही, ती पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, अॅसिडिटीची : तिच्यामुळे वेल्पाटास्विर नीट शोषलं जात नाही. बीचीही तपासणी आधी झालेली हवी, कारण सी हटताना दडलेला बी डोकं वर काढू शकतो. किडनी ट्रान्सप्लांट ठरत असेल तर सीचा उपचार आधी की नंतर, हे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच.

कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आला म्हणजे बरा झालात. अँटिबॉडी मात्र बहुधा कायम पॉझिटिव्ह राहते. मग पुढे दर ठिकाणी कार्ड टेस्ट करून "अहो, तुम्ही तर पॉझिटिव्ह" असं ऐकायचं. आरएनएचा तो कागद लॅमिनेट करून ठेवा, खरंच सांगतो. आणि ती अँटिबॉडी पुन्हा होण्यापासून वाचवत नाही, म्हणून पुढेही सहा महिन्यांनी आरएनए करायचा.

कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याचा आग्रह घरातून होईलच. डोक्यावर ठेवलेली माळ लांब होते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, आत्याला त्यानेच बरं वाटलं होतं. आत्याची कावीळ पावसाळ्यात दूषित पाण्यातून आलेली ए किंवा ई असणार. ती बहुतेकांची आपोआप उतरते. बी-सी तशी उतरत नाही. माळेने नुकसान नाही, पण त्या पुडीतल्या, नाकात सोडायच्या झाडपाल्याने लिव्हरला होऊ शकतं, आणि बंद पडलेल्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही.

घरात ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने बी-सी होत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, ग्लुकोमीटरचं पेन मात्र वेगळं. नवरा-बायकोत, समोरच्याचं अँटी-एचबीएस १० च्या वर येईपर्यंत, निरोध. फिस्टुलातून घरी रक्त आलं तर हातमोजा घालून दाबा, आणि फरशीवर सांडलेल्यावर एक वाटी ब्लीच, नऊ वाट्या पाणी ओतून दहा मिनिटांनी पुसा.

गावाला जायचं असेल तर

गणपतीला कोकणात जायचं म्हणून दर ऑगस्टमध्ये आमच्याकडे फाइलींची रांग लागते. तिथल्या युनिटला महिना-दोन महिन्यांच्या आतले व्हायरल मार्कर, म्हणजे बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, लागतात, शिवाय लसीचं कार्ड, अँटी-एचबीएसचा आकडा, शेवटच्या काही डायलिसिसचे चार्ट आणि कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं). रिपोर्टची तारीख निघायच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी बघा. तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी ट्रॉली, हातमोजे आणि हेपॅरिन कुठे भरतात एवढं नजरेखालून घाला. परत आल्यावर, बाहेर किती डायलिसिस झाली ते लपवू नका. काही युनिट रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या मशीनवर बसवतात, त्याचा राग मानू नका. आणि परतल्या परतल्या केलेली तपासणी पुरेशी नाही. दोन-तीन आठवड्यांनी सीचा आरएनए आणि पुढचे दोन-तीन महिने दर महिन्याला एचबीएसएजी, असं विसर्जनाच्या तारखेपासून मोजून कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा.